लहान पक्ष, कोल्हापुरातील

राष्ट्रीय पक्षांच्या सावलीत स्थानिक बळावर निवडणुका लढवणारे पक्ष. त्यांत सर्वांत खोल मुळे शेतकरी कामगार पक्षाची (शेकाप). केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदींनी काँग्रेसमधून बाहेर पडून तो उभारला. सत्यशोधक चळवळीने मशागत केलेल्या कोल्हापुरात तो रुजला. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत भाऊसाहेब महागावकर येथून लोकसभेवर गेले. १९७७ मध्ये दाजीबा देसाई अवघ्या १६५ मतांनी विजयी झाले. त्या निवडणुकीतील देशातले हे सर्वांत कमी मताधिक्य. एन. डी. पाटील (१९२९–२०२२) १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात सहकारमंत्री झाले, पुढे कोल्हापूरचे आमदार. उतारवयातही टोलविरोधी आंदोलनात ते रस्त्यावर उतरले. पक्षाची खरी कमाई अशा माणसांत दिसते.

सर्वाधिक मते घेणारा एकच उमेदवार निवडून येण्याच्या पद्धतीत लहान पक्षांची विखुरलेली मते वाया जातात. त्यामुळे पुढील पक्ष व नेते ठरावीक पट्ट्यांत टिकले : विनय कोरे यांच्या जनसुराज्य शक्तीने २००४ मध्ये विधानसभेच्या ४ जागा मिळवल्या, ऊसदराच्या आंदोलनातून पुढे आलेले राजू शेट्टी हातकणंगल्यातून २००९ व २०१४ मध्ये खासदार झाले, २०१९ मध्ये पराभूत झाले.