घाट उतरताना



सुरतेहून खानदेशाकडे जाणारी वाट फार जुनी आहे. सतराव्या शतकात सुरत बंदरातील माल घेऊन तांडे नवापूरमार्गे बऱ्हाणपूरकडे जात. आज सुरतेत स्थायिक झालेली खानदेशी मराठी कुटुंबे सणासुदीला याच बाजूने गावी जातात, आणि परतताना त्यांना कोंडाईबारीचा घाट उतरावा लागतो.

लहानपणी मामांच्या जुन्या मोटारीतून हा घाट उतरत असता एक प्रसंग घडला. मामांनी ब्रेकवर सारा भार दिला तरी गाडीचा वेग कमी होईना. प्रसंगावधान राखून त्यांनी खालचा गिअर टाकला, गाडी डोंगराच्या कडेला घेतली, आणि आम्ही वाचलो. चाकांपाशी जळका वास येत होता.

हा प्रसंग परवा आठवला. उधन्यात गॅरेज चालविणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने ॲल्युमिनियमचे दोन चकचकीत कॅलिपर माझ्या हाती ठेवले आणि तो म्हणाला, “सर, किती हलके आहेत पाहा! पुढच्या चाकांना हे बसविले की गाडी जागच्या जागी थांबेल.” त्याला जे सांगितले, तेच आज आपणांस सांगतो.

ब्रेकचा इतिहास हा मुख्यतः उष्णतेशी दिलेल्या झुंजीचा इतिहास आहे. चाकाबरोबर फिरणारी चकती दोन बाजूंनी चिमटीत धरण्याची कल्पना इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ साली पेटंटद्वारे मांडली. परंतु घर्षणासाठी वापरलेले तांब्याचे तुकडे कर्कश आवाज करीत आणि लवकर झिजत. म्हणून पुढे अर्धशतक बंद ड्रमच्या ब्रेकचेच राज्य राहिले. ड्रम तापला की फुगतो, आतील अस्तराची पकड ढिली पडते, आणि उष्णतेला बाहेर पडण्यास पुरेशी वाट मिळत नाही. मामांच्या गाडीला नेमके हेच झाले होते.

१९५३ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जग्वार मोटारीने जिंकली. तिला डनलॉपचे चकतीचे ब्रेक होते. उघड्या हवेत फिरणारी चकती लवकर निवते, हे सर्वांस पटले. १९५५ साली सित्रोएन डीएस या मोटारीच्या पुढच्या चाकांसाठी असे ब्रेक आले. पुढच्याच चाकांसाठी का? कारण ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो, आणि थांबविण्याचे बहुतेक काम तीच चाके करतात. नंतर १९६९ च्या पोर्श ९११ एस या मोटारीला पुढे ॲल्युमिनियमचे कॅलिपर मिळाले.

मग हलकेपणाचा लाभ कोणता? ॲल्युमिनियमची घनता लोखंडाच्या सुमारे एकतृतीयांश. स्प्रिंगखालचे ओझे घटले की चाक खड्ड्याखाचांतून रस्त्याला अधिक चिकटून चालते. लाभ खरा, पण तेवढाच. गाडी किती अंतरात थांबेल हे शेवटी टायरची पकड ठरविते, आणि उष्णता मुख्यतः चकतीला सोसावी लागते. हजार किलोची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगातून थांबविली तर सुमारे २४७ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. तीच मोटार केवळ ब्रेकच्या बळावर १०० मीटर उंचीवरून खाली आणली तर सुमारे ९८० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ चौपट! कॅलिपर हलका केल्याने ही उष्णता तिळमात्र घटत नाही.

शिवाय ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा अधिक लवते, म्हणून त्याचा घाट जाड लागतो. पिस्टन मोठे असतील तर पेडल खोल जाते आणि पुढच्या-मागच्या चाकांचा मेळ बिघडतो. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्या सांध्यात समुद्राची खारी हवा गंज धरविते, हे सुरतकरांनी विसरू नये. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते, आणि ओले तेल घाटात लवकर उकळते.

विद्यार्थ्याने तेथल्या तेथे पिस्टनचे माप घेतले. ते मूळ मापाहून मोठे निघाले. त्याने ते कॅलिपर फळीवर ठेवून दिले, आणि गिऱ्हाइकाच्या गाडीत ताजे तेल भरून नवे पॅड बसविले. गिऱ्हाईक थोडा हिरमुसला खरा; परंतु दिवाळीला तो मुलाबाळांसह धुळ्याला जाणार होता, आणि परतीच्या वाटेवर कोंडाईबारी होतीच.