चारशे यार्डांतला विलंब : 'लॅग' शोधण्याच्या विद्येचा इतिहास

१/ ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातील अंतर जेमतेम चारशे यार्ड. दोहोंना जोडणाऱ्या जाळ्यावरून एरवी सेकंदाला ३२ हजार बिट वाहत. त्या महिन्यात हा वेग ४० बिटांवर कोसळला. सेकंदाला ४० बिट म्हणजे पाच अक्षरे. सराईत टंकलेखकाची बोटे एवढी सहज चालतात.

२/ तार तुटलेली नव्हती. यंत्रही बंद पडलेले नव्हते. मग वेग गेला कुठे? आज आभासी जगात शिरताना ज्याचे पात्र जागीच थिजते, ज्याचे उचललेले पाऊल दोन क्षणांनी पडते, त्याच्यापुढेही हाच प्रश्न असतो. या अडखळण्याला सारे 'लॅग' म्हणतात आणि बहुधा सर्व्हरला शिव्या घालून मोकळे होतात. विलंब नेमका कोणत्या ठिकाणी होतो, हे शोधण्याची साधने मात्र काही मोजक्या माणसांनी अडचणीच्या वेळी घडवली. त्यांतले पहिले बर्कलीच्या घटनेआधीचे आहे.

३/ डिसेंबर १९८३. मेरीलँडमधील ॲबरडीन येथे अमेरिकी लष्कराची बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळा होती. तिथले जाळे विचित्र वागू लागले, तेव्हा माइक मूस यांना त्याच वर्षी जुलैत नॉर्वेत झालेली एक बैठक आठवली. डेव्हिड मिल्स यांनी तिथे 'प्रतिध्वनी' मागणारी पॅकेटे पाठवून मार्गाचा विलंब मोजण्याविषयी सांगितले होते. मूस रात्री कामाला बसले आणि उजाडण्यापूर्वीच सुमारे हजार ओळींचा प्रोग्रॅम चालू झाला. पाणबुडीचा सोनार ध्वनी सोडतो आणि परत येणाऱ्या नादावरून अंतर ओळखतो; त्या नादावरून त्यांनी नाव ठेवले 'पिंग'.

४/ गंमत अशी, की मूस यांचे पहिले पॅकेट सुटण्याआधीच बिघडलेले यंत्र सापडून दुरुस्तही झाले होते! पिंग मात्र जगभर गेले. एका जाळे-व्यवस्थापकाने तर प्रत्येक उत्तरासरशी 'पिंग' असा आवाज येईल अशी सोय करून तो ध्वनिवर्धकावर लावला आणि इमारतभर फिरून एकेक केबलचा जोड हलवून पाहिला. आवाज थांबला, तिथे दोष सापडला.

५/ पण पिंगला एक मर्यादा आहे. जाऊन-येऊन किती वेळ लागला ते कळते. तो वेळ कुठे गेला ते कळत नाही. बर्कलीत नेमके तेच कळायला हवे होते. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स यांनी छडा लावला, तेव्हा अपराधी निघाले दोन्ही टोकांचे संगणक. उत्तर यायला उशीर झाला की ते पॅकेट हरवले असे समजून पुन्हा पाठवत. गर्दीमुळे उशीर, उशिरामुळे पुनःप्रेषण, पुनःप्रेषणामुळे आणखी गर्दी. उपाय होता संयमाचा : सुरुवात सावकाश करावी, गर्दीची चाहूल लागताच वेग कमी करावा. जेकबसन यांचा त्यावरील शोधनिबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि इंटरनेट कोलमडण्यापासून वाचले, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

६/ याच सुमारास जेकबसन यांनी स्टीव्ह डीअरिंग यांच्या सूचनेवरून 'ट्रेसराउट' लिहिला. प्रत्येक पॅकेटाला आयुष्याचा एक आकडा असतो आणि वाटेतला प्रत्येक राऊटर तो एकाने घटवतो. आकडा शून्यावर आला की पॅकेट मरते आणि राऊटर पाठवणाऱ्याला मृत्यूची वर्दी देतो. जेकबसन यांनी मुद्दाम अल्पायुषी पॅकेटे सोडली : पहिले एका टप्प्यावर मरणारे, दुसरे दोन टप्प्यांवर. वर्द्या गोळा होत गेल्या आणि वाटेचा नकाशा तयार झाला. वाचताना सावध मात्र राहावे लागते. मधलाच एक टप्पा सुस्त दिसला म्हणून तो दोषी ठरत नाही, कारण राऊटर अशा वर्द्यांना दुय्यम काम मानतात. त्या टप्प्यापासून शेवटपर्यंत विलंब टिकून राहिला, तरच संशय घ्यावा.

७/ खेळांच्या जगात हा धडा १९९६ मध्ये महागात पडला. 'क्वेक'चे जॉन कारमॅक यांनी २०० मिलिसेकंदांहून कमी विलंब गृहीत धरला होता. मोडेमवरून येणाऱ्यांना ३०० हून अधिक लागत. स्वतःच्या घरी वेगवान टी-वन जोडणी असल्याने सामान्य खेळाडूचे हाल आपल्याला ठाऊकच नव्हते, अशी कबुली त्यांनी जाहीरपणे दिली. त्याच वर्षाअखेरीस आलेल्या 'क्वेकवर्ल्ड'मध्ये खेळाडूचा संगणक सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता हालचालीचा अंदाज आधीच दाखवू लागला. विलंब तसाच राहिला, तो जाणवणे कमी झाले.

८/ २००३ मध्ये खुल्या झालेल्या 'सेकंड लाइफ'ने गुंता वाढवला. तिथे पाय अडखळण्याची तीन स्वतंत्र कारणे असू शकतात : आपला संगणक चित्र रेखाटताना दमलेला, त्या प्रदेशाचा सर्व्हर भाराखाली वाकलेला, किंवा वाट लांबलेली. म्हणून त्यात आकडेवारीची एक पट्टी दिलेली आहे. 'टाइम डायलेशन' एकाच्या खाली घसरले तर दोष सर्व्हरचा. पॅकेटे गहाळ होत असतील तर वाटेचा.

९/ काही विलंबाला मात्र औषध नाही. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते अमेरिकेतील ओरेगॉन हे सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद. प्रत्यक्षात केबली वळसे घेतात. कितीही महाग 'प्लॅन' घेतला तरी ही किंमत चुकत नाही. रुंद रस्त्याने गाव जवळ येत नाही.

१०/ २०१० मध्ये 'एक्स विंडो' प्रणालीच्या रचनाकारांपैकी एक, जिम गेटिस, घरून मोठ्या फाइली पाठवत असताना पिंग पाहत होते. उत्तर यायला सेकंदाहून अधिक वेळ लागत होता. स्मृती स्वस्त झाल्याने यंत्रांत भल्यामोठ्या रांगा साठवल्या जात होत्या आणि प्रत्येक नवे पॅकेट त्यांच्या शेपटीला उभे राहत होते. या दोषाला त्यांनी 'बफरब्लोट' म्हटले. त्यावर 'कोडेल' ही उपाययोजना २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स यांच्यासह मांडणारा दुसरा गृहस्थ कोण? तेच व्हॅन जेकबसन.

११/ गेटिस यांच्या निरीक्षणातून निघालेली परीक्षा आजही घरी करता येते. जोडणी मोकळी असताना पिंगचा आकडा टिपावा. मग मोठी फाइल चढवायला लावून पुन्हा टिपावा. ३० चे ८०० झाले, तर ओरेगॉनच्या सर्व्हरला दोष देण्याआधी भिंतीवर लुकलुकणारा राऊटर तपासावा.