सायकल कशाला म्हणायचं? १९३४ सालची एक व्याख्या

दोन आकडे देतो. ४५.०५५ आणि ४४.७७७. दोन्ही किलोमीटर, दोन्ही १९३३ सालचे, आणि दोन्ही म्हणजे एका माणसाने ट्रॅकवर तासाभरात पेडल मारून कापलेलं अंतर. मोठा कुठला हे सांगायला पीएच.डी. लागत नाही. तरीही आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या, म्हणजे यूसीआयच्या, तासाच्या विक्रमांच्या यादीत तुम्हाला धाकटा आकडाच सापडेल. मोठ्याचं काय झालं ते आज बघू. सिनॉप्सिस लिहायला घेतलेल्यांनी तर जरूर वाचा.

तासाचा विक्रम ही सायकलिंगमधली फार मानाची गोष्ट. ऑस्कर एगने १९१४ मध्ये ४४.२४७ किलोमीटर केले आणि तो आकडा जवळजवळ वीस वर्षं कुणाला हलला नाही. त्या काळात फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचे एक गृहस्थ पेडलवर चालणाऱ्या चारचाकी गाड्या बनवायचे. अशी गाडी मधोमध कापून अर्धी ठेवावी, तशी त्यांनी दुचाकी बनवली. आरामखुर्चीत रेलल्यासारखं बसायचं आणि पाय पुढे करून पेडल मारायचे. ७ जुलै १९३३ ला फ्रान्सिस फोरने पॅरिसच्या ट्रॅकवर या सायकलने ४५.०५५ किलोमीटर कापले. फोर काही पहिल्या फळीतला स्वार नव्हता. खरी अडचण तिथेच झाली.

थोडं गणित करू. सपाट ट्रॅकवर या वेगाला बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते, आणि लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एगपेक्षा फोरचा वेग १.८ टक्के जास्त. त्याच सायकलवर, त्याच बैठकीत एवढं साधायचं तर साडेपाच टक्के जास्त ताकद लागली असती. ती फोरच्या पायात कुठून येणार? ती बैठकीतून आली. आडवं झाल्यावर हवेला सामोरं जाणारं अंग कमी होतं. पायांनी नाही, भूमितीने विक्रम मोडला म्हणा ना.

त्याच ऑगस्टमध्ये नेहमीच्या सायकलींवर आधी यान व्हान हाउटने ४४.५८८ आणि चारच दिवसांनी मॉरिस रिशारने ४४.७७७ केले. दोघं एगच्या पुढे, दोघं फोरच्या मागे. आता निर्णय घेणं भाग होतं. फेब्रुवारी १९३४ मध्ये यूसीआयची बैठक झाली आणि १ एप्रिलला शर्यतीच्या सायकलची नवी व्याख्या आली. पेडलचा आस जमिनीपासून किती उंच, सीटच्या किती पुढे आणि पुढच्या चाकापासून किती अंतरावर, हे सगळं ठरवून टाकलं. मोशेंची सायकल त्यात बसत नव्हती. ती ‘सायकल’च उरली नाही, म्हणून तिचा विक्रमही सायकलचा उरला नाही. मोशे त्याच वर्षी वारले.

हे वाचून यूसीआयला खलनायक ठरवायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण शर्यत माणसांची असावी, यंत्रांची नको, हा मुद्दा टाकाऊ नाही. धावण्याच्या शर्यतीत आपण स्केट्स चालवून घेत नाही. माझा आक्षेप दुसराच आहे, आणि त्यासाठी स्वतःची एक चूक सांगावी लागेल.

मी पवनचक्कीच्या छोट्या पात्यांवरचा हवेचा रोध मोजतो. दुसऱ्या वर्षी चाळीस रीडिंगांपैकी तीन मी काढून टाकली आणि कारण लिहिलं, ‘प्रवाह स्थिर नव्हता’. गाईड मॅडमनी वही बघितली आणि एवढंच विचारलं, “हा निकष रीडिंग घ्यायच्या आधी लिहिला होतास की नंतर?” नंतर. कारण खोटं नव्हतं हो, प्रवाह खरंच स्थिर नव्हता. पण तोच निकष उरलेल्या सदतीसांना लावल्यावर आणखी पाच बाद झाली. ती माझ्या रेषेवर छान बसत होती, म्हणून त्यांच्याकडे मी बघितलंच नव्हतं.

तोच प्रश्न यूसीआयला विचारू. पण आधी जे बाहेर फेकले गेले त्यांचं बघू, कारण ते गप्प बसले नाहीत. १९३९ मध्ये फोरने सायकलवर कवच चढवून तासाला ५०.५३७ किलोमीटर केले. अधिकृत यादीला पन्नासचा आकडा दिसायला १९८४ उजाडलं. कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या विद्यापीठातले अभियांत्रिकीचे प्राध्यापक चेस्टर काइल विद्यार्थ्यांना घेऊन सायकलवरचा हवेचा रोध मोजत होते. त्यांच्या कवचबंद सायकलचे वेग अधिकृत विक्रमांत बसेनात. मग १९७५ मध्ये त्यांनी अर्विन्डेलला स्वतःचीच शर्यत भरवली. आकार कसलाही चालेल, बैठक कशीही चालेल, ताकद मात्र फक्त माणसाची. पुढच्या वर्षी त्यातून मानवचलित वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली.

गंमत बघा, नियम नकोत म्हणून निघालेल्यांनाही नियम लिहावे लागले. वारा सेकंदाला सुमारे पावणेदोन मीटरच्या वर नको, रस्त्याचा उतार एका टक्क्याच्या दोन तृतीयांशाहून जास्त नको. नाहीतर उतारावर सोडलेली गाडी ‘मानवचलित’ कशी म्हणायची? (पुढे या संघटनेतूनही दुसरी निघाली. मंडळं फुटायला गणपतीच लागतो असं नाही.) पण त्यांची बंधनं वारा आणि उतार यांच्यावर, म्हणजे माणसाबाहेरच्या ताकदीवर. कुणी कशावर बसून जिंकलं यावर नाहीत. नेवाडातल्या बॅटल माउंटनच्या सरळ रस्त्यावर २०१६ मध्ये टॉड रायकर्टने ताशी १४४ किलोमीटरचा वेग गाठला.

आता यूसीआय. ‘कसोटी माणसाची’ हा निकष सगळ्यांना सारखा लावला का? १९८४ मध्ये फ्रान्चेस्को मोझरने भरीव तबकडीसारखी चाकं लावून एडी मर्क्सचा १९७२ चा ४९.४३१ चा विक्रम मोडला. ती चाकंही हवा कापायलाच होती, तरी विक्रम मान्य झाला. ग्रॅम ओब्रीने १९९३ मध्ये हात छातीखाली दुमडून बसायची बैठक काढली; विक्रम नोंदला, पण पुढच्या वर्षी बैठकीवर बंदी आली. त्याने मग हात सरळ पुढे ताणलेली दुसरी बैठक आणली. तीच वापरून १९९६ मध्ये क्रिस बोर्डमनने ५६.३७५ केले, आणि तीही नंतर बाद झाली.

शेवटी २००० मध्ये यूसीआयने मर्क्सनंतरचे सगळे विक्रम वेगळ्या यादीत हलवले आणि मर्क्सच्या धाटणीची सायकल सक्तीची केली. निकष उरलेल्या सदतीसांना लावला म्हणायचा, पण १६ वर्षं उशिरा. २०१४ मध्ये तोही पुन्हा सैल झाला.

बोर्डमनने त्या २००० सालच्या नियमाने परत प्रयत्न केला. मँचेस्टरचाच ट्रॅक, चार वर्षांनी थोराड झालेला तोच माणूस, गोल नळ्यांची आणि तारांच्या चाकांची सायकल. अंतर भरलं ४९.४४१ किलोमीटर. मर्क्सपेक्षा दहा मीटर जास्त, आणि स्वतःपेक्षा जवळजवळ सात किलोमीटर कमी.