नारो शंकर दाणी (राजेबहादूर)

पेशवाईतील सरदार व मुलकी अंमलदार. झाशीचा मराठा सुभेदार (१७४२–५७), पानिपतच्या मोहिमेत दिल्लीचा किल्लेदार, मालेगावच्या भुईकोटाचा कर्ता. मूळ आडनाव दाणी. ‘राजेबहादूर’ हा किताब, पण पुढे घराणे याच नावाने ओळखले जाऊ लागले.

झाशी : छत्रसालाने बाजीरावास दिलेल्या हिश्श्यामुळे बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय रोवला गेला, तरी ओर्छेकर बुंदेले खंडणीस राजी नव्हते. १७४२ मध्ये राणोजी शिंद्याचा मुलगा जोतिबा त्यांच्या मुलखात दग्याने मारला गेला. पारिपत्याची कामगिरी नारो शंकरकडे आली. त्याने ओर्छेकरांना नमवून झाशी व भोवतालचा मुलूख पेशव्यांच्या अमलाखाली आणला. ओर्छ्याच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांधलेला तिथला किल्ला त्याने वाढवला. वाढीव भाग शंकरगढ म्हणून ओळखला जातो. किल्ल्याच्या आश्रयाने ओर्छ्याकडील लोक आणून शहर वसवले. पुढे झाशीच्या टांकसाळीतील नाण्यांवर ‘बळवंतनगर’ असे नाव येते. लढाईपेक्षा ही वसाहतच त्याची खरी कामगिरी म्हटली पाहिजे. १७५७ मध्ये पेशव्याने त्यास परत बोलावले. त्यानंतरचे सुभेदार फार काळ टिकले नाहीत. अखेर सुभा नेवाळकरांकडे गेला व त्या घराण्यात वंशपरंपरेने चालला. राणी लक्ष्मीबाई ही याच घराण्याची सून.

दिल्ली : ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊने दिल्ली घेतली आणि तिचा बंदोबस्त नारो शंकरवर सोपवला. ऑक्टोबरात भाऊ कुंजपुऱ्याकडे निघाल्यावर पिछाडीचा सारा भार त्याच्यावर पडला. डिसेंबरात रसद पुरवणारा मराठा सरदार गोविंदपंत बुंदेले मारला गेला व भाऊच्या फौजेच्या दाणागोट्याची वाट जवळजवळ बंद झाली. दिल्लीहून स्वारांच्या हाती थोडी थोडी रोकड पाठवण्याचा उपाय करून पाहण्यात आला. त्यांपैकी एक टोळी जानेवारीच्या आरंभी रात्री वाट चुकून थेट अफगाणांच्या छावणीत शिरली व कापली गेली. पानिपतावरील १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाची बातमी येताच त्याने शहर सोडले. किल्ला न लढवल्याचा ठपका त्याच्यावर ठेवला जातो. तथापि मैदानातली फौजच उरली नसताना मूठभर शिबंदीने दिल्ली किती दिवस धरली असती, याचा विचार टीकाकार सहसा करीत नाहीत. महिनाअखेर अफगाणांचा बादशहा अब्दाली शहरात शिरला.

उत्तरायुष्य : माधवराव पेशव्याच्या आरंभीच्या काळात त्याचा चुलता रघुनाथराव याने प्रतिनिधिपद आपला तान्हा मुलगा भास्करराव याच्या नावे केले व नारो शंकरास मुतालिक नेमले. ही व्यवस्था अल्पकाळ टिकली.

बांधकामे : नाशिकला पंचवटीत गोदाकाठी असलेले रामेश्वर मंदिर (१७४७) ‘नारोशंकराचे देऊळ’ म्हणूनच सर्वांना ठाऊक आहे. खर्च १८ लाख रुपये झाल्याचे सांगतात. देवळाभोवती कोट, चार कोपऱ्यांना मेघडंबऱ्या. पैकी एक एकोणिसाव्या शतकात पुरात गेली. दर्शनी बाजूची मोठी घंटा पोर्तुगीज घडणीची असून तिच्यावर १७२१ हे साल आहे. वसईच्या विजयानंतर (१७३९) चिमाजीअप्पाने आणलेल्या घंटांपैकी ती एक, अशी समजूत आहे. चिमाजीअप्पा १७४० मध्ये वारला, देऊळ त्यानंतरचे. तेव्हा घंटा इथे टांगण्याचे श्रेय त्याचे नव्हे. गोदेच्या पुराचे पाणी घंटेला लागले की महापूर, ही नाशिककरांची जुनी खूण.

मालेगावचा भुईकोट मोसम नदीच्या काठी आहे. आरंभ १७४० च्या सुमारास. एकाआड एक तटबंदी, खोल खंदक, कसबी चिरेबंदी काम. डोंगरी किल्ल्यांच्या मुलखात सपाटीवरचा इतका मजबूत कोट विरळाच. कामासाठी उत्तरेकडून कारागीर आणल्याची व त्यातून गावाची वस्ती वाढल्याची हकीकत स्थानिक लोक सांगतात.

घराणे : लक्ष्मण शंकर हा बंधू; नाशिकचे देऊळ त्याने बांधले, असेही एक मत आहे. वंशजांपैकी गोपाळराव राजेबहादूर याने पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांच्या संमतीने मालेगावचा कोट पेशव्यांच्या माणसांकडून घेतला, पण लगेच स्वतःच्याच अरब शिबंदीच्या कैदेत पडला. अरबांनी पेशव्यांची बाजू धरली. इंग्रजांना वेढा घालावा लागला, त्यात त्यांची दोनशेहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. दारूकोठाराचा स्फोट होऊन तट ढासळल्यावर जून १८१८ मध्ये कोट शरण आला.