बांबूचे काटे आणि ज्ञानाची मालकी

ज्ञान कोणाचे, हा प्रश्न पुण्याला नवा नाही. १८४८ साली भिडेवाड्यात फुले दांपत्याने तोच विचारला. शाळेत कोण बसणार, ही त्याची एक बाजू. शाळेबाहेरच्या माणसाला जे कळते त्याला ज्ञान म्हणायचे की नाही, ही दुसरी. आणि ती अजून सुटलेली नाही.

हार्वर्डमध्ये शिकलेले माधव गाडगीळ १९७१ मध्ये पुण्यात परतले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तकांसोबत देवराया हिंडले. देवरायांचे कौतुक पुष्कळ झाले. मला त्यांचा पुढचा, कर्नाटकातला बांबूचा अभ्यास जास्त मोलाचा वाटतो. तिथे बांबू संपत चालला होता. दांडेलीच्या कागद कारखान्याला तो सुरुवातीला टनाला दीड रुपयाने दिला गेला, दोष मात्र गुरे चारणाऱ्यांचा! वनखाते बांबूच्या बेटांच्या बुडाशी असलेले काटे छाटत असे. त्याने वाढ चांगली होते, हे खात्याचे शास्त्र. गावकरी म्हणत होते, काटे काढले की कोवळे कोंब गुरे आणि वानरे खातात. गाडगीळांनी जाऊन मोजले. गावकऱ्यांचे बरोबर निघाले.

खात्याला हे का दिसले नाही? जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले. बांबू तोडणारा आणि बांबूवर अहवाल लिहिणारा एका पंगतीत बसतच नसतील, तर काट्यांची गोष्ट अहवालात येणार कुठून? गाडगीळांनी ती ऐकली आणि जाहीरपणे सांगितली, हे त्यांचे मोठेपण. पण सांगणाऱ्यांची नावे कुठल्या पाठ्यपुस्तकात आहेत?

गडचिरोलीतील गोंडांच्या मेंढा (लेखा) गावाने याच्या पुढचे पाऊल टाकले. तिथे गावकरी आणि बाहेरचे जाणकार अभ्यासगटात एकत्र बसतात, निर्णय मात्र ग्रामसभेचा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडांत मोडत होता. बांबू गवत आहे, हे वनस्पतिशास्त्राचा कोणताही विद्यार्थी सांगेल! परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली ती २७ एप्रिल २०११ रोजी, केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा.

पण प्रत्येक गाव मेंढा नसते. गावाचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खडसावले होते. 'गावाचे ज्ञान' म्हणून कोणाचे लिहून घेतले जाते? पाटलाचे, की वैदूचे, सुईणीचे, मासे धरणाऱ्या कातकऱ्याचे? २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती आणि लोकांची नोंदवही बंधनकारक केली. २००४ च्या नियमांप्रमाणे समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया आणि १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य हवे होते. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि वर्षानुवर्षे रखडलेल्या नोंदवह्या देशभर लाखांनी तयार झाल्या. इतक्या घाईत कोणत्या वस्तीत कोण बसून बोलले असेल?

तुमच्या ग्रामपंचायतीत जा आणि नोंदवही मागा. पुणेकरांनी महापालिकेत मागावी. माहिती सांगणाऱ्यांची नावे आधी वाचा.