एक ग्रॅम कोळसा: दीपनगरच्या उष्णतेचा हिशेब

‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ असं आपण सहज म्हणून जातो. प्रयोगशाळेत मात्र कोळसा उगाळला, चाळला आणि तापवला की एक खडा दुसऱ्यासारखा निघत नाही. हा फरक मोजणाऱ्या उपकरणांचा इतिहास आज आपण बघणार आहोत, आणि तो बघायचा आहे भुसावळजवळच्या दीपनगरातून.

दीपनगर म्हणजे भुसावळ औष्णिक वीज केंद्राची वसाहत. इथला पहिला संच 1968 चा, 62.5 मेगावॅटचा. पाणी तापीचं, कोळसा मात्र खानदेशात नाही, तो रेल्वेनं येतो. भुसावळ जंक्शन आहे, तिथं नागपूरचा मार्ग मिळतो, म्हणून हे जमलं. पण दुसऱ्याच्या खाणीतला माल विकत घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो: या काळ्या दगडात जळणारं किती आणि न जळणारं किती?

याचं सर्वांत जुनं उत्तर साधं आहे. वजन करा, तापवा, पुन्हा वजन करा. भारतीय मानकाप्रमाणे बारीक दळलेला साधारण एक ग्रॅम कोळसा 108 अंश सेल्सिअसला तापवला की घटलेलं वजन म्हणजे ओलावा. दुसरा एक ग्रॅम झाकणाच्या मुशीत 900 अंशांवर सात मिनिटं ठेवला की वायुरूप होणारा भाग निघून जातो. तिसरा 815 अंशांवर उघडा जाळला की उरते ती राख. शंभरातून हे तिन्ही वजा केले की स्थिर कार्बन. जपानमध्ये कोतारो होंडा यांनी 1915 साली तराजू आणि भट्टी एकत्र जोडून, तापत असतानाच वजन दाखवणारा ‘उष्मातराजू’ बनवला. आजचा टीजीए, म्हणजे थर्मोग्रॅव्हिमेट्रिक ॲनालायझर, त्याचाच वंशज. ओलावा, वायू आणि राख या तिन्ही पायऱ्या तो एका बैठकीत उरकतो.

पण वजन म्हणजे उष्णता नव्हे. उष्णता मोजायला दुसरं उपकरण लागतं: बॉम्ब कॅलरीमीटर. नाव भीतीदायक, काम सरळ. पोलादी भांड्यात एक ग्रॅम कोळसा ठेवायचा, 25-30 वातावरण दाबाचा ऑक्सिजन भरायचा, भांडं पाण्यात बुडवायचं आणि बारीक तारेतून वीज सोडून कोळसा पेटवायचा. पाणी दीड-दोन अंशांनी तापतं, त्यावरून कॅलरी काढायच्या. फ्रान्समध्ये बर्थेलो यांनी 1881 च्या सुमारास हे घडवलं, पण आतून प्लॅटिनमचा पत्रा, परवडणार कुणाला? 1892 मध्ये माहलेर यांनी प्लॅटिनमऐवजी मुलामा, म्हणजे इनॅमल, वापरला. तिथून हे उपकरण कोळसा विकत घेणाऱ्यांच्या आवाक्यात आलं.

आता गंमत बघा. उपकरण इतकं जुनं, तरी भारतात 1979 पासून कोळशाची प्रत ठरली ती सूत्रावर. 8900 मधून राख आणि ओलावा यांच्या टक्केवारीच्या बेरजेची 138 पट वजा करायची. उरली ती ‘उपयुक्त उष्णता’. समजा राख 36 टक्के, ओलावा 6. बेरीज 42, गुणिले 138 म्हणजे 5796. उरले 3104, प्रत ‘एफ’. त्याच वर्षी दीपनगरात 210 मेगावॅटचा संच आला.

या सूत्राची सोय अशी की भट्टी आणि तराजू असला की पुरे. अडचण अशी की राखेचा एक टक्का आणि पाण्याचा एक टक्का त्याच्या लेखी सारखाच. प्रत्यक्षात राख नुसतं ओझं असते, पाणी मात्र वाफ होताना उष्णताही घेऊन जातं. शिवाय दोन खाणींचा कोळसा राखेला सारखा असला तरी उष्णतेला सारखा असेलच असं नाही. अखेर 1 जानेवारी 2012 पासून देशानं सूत्र सोडलं आणि कॅलरीमीटरवर मोजलेली एकूण उष्णता धरली. 300 किलोकॅलरींची एक पायरी, जी-1 ते जी-17 अशा 17 प्रती.

एक पायरी म्हणजे किती? दीपनगरात पुढे 500 मेगावॅटचे दोन संच आले. ते पूर्ण भारानं चालले तर दिवसाला 2 कोटी 40 लाख युनिट. एका युनिटला 2400 किलोकॅलरी लागतात असं धरू. किलोला 3600 चा कोळसा असेल तर 16,000 टन लागतो. 3300 चा असेल तर जवळजवळ 17,450. फरक साधारण 1,450 टनांचा, म्हणजे सुमारे 25 वाघिणी, रोज! प्रत एक पायरी खोटी लागली तर हा जादा कोळसा कुणाच्या तरी खिशातून येतो, आणि शेवटी तो खिसा वीजबिल भरणाऱ्याचा असतो.

मग भांडण कुठे उरलं? उपकरणात फारसं नाही. बेन्झोइक आम्लाची गोळी जाळून कॅलरीमीटर तपासता येतो. तिची उष्णता ठरलेली, ग्रॅमला सुमारे 6318 कॅलरी. भांडण उरलं त्याच्या आधीच्या पायरीत. एका मालगाडीत साधारण साडेतीन-चार हजार टन कोळसा, आणि उपकरणात जातो एक ग्रॅम. वाघिणीत वरचा थर निराळा, तळाचा निराळा. मोठ्या खड्यात दगड, चुऱ्यात माती. पावसाळ्यात भिजलेली गाडी आणि प्रयोगशाळेत वाळवलेली चिमूट यांत हिशेब जुळवायचा, तोही निराळाच. म्हणून 2015 नंतर नमुना घेण्याचं काम धनबादच्या केंद्रीय खनन आणि इंधन संशोधन संस्थेसारख्या तिऱ्हाइताकडे देण्याची पद्धत आली.

आम्हाला या इतिहासातून एवढंच सांगायचं आहे. माहलेरपासून टीजीएपर्यंत सगळ्या उपकरणांनी त्या एका ग्रॅमबद्दल खरं सांगण्याची सोय करून दिली. तो ग्रॅम सगळ्या गाडीच्या वतीनं बोलतो की नाही, हे मात्र वाघिणीवर चढून फावडं कुठे घालायचं ते ठरवणाऱ्या माणसाच्या हातात राहिलं. भुसावळच्या फलाटावरून कोळशाची गाडी जाताना दिसली, तर त्या माणसाची आठवण ठेवा. आता प्रश्न घेऊ या.