आधाराचा इतिहास

गोदाकाठी वसंतात जमणाऱ्या श्रोत्यांना इतिहास ऐकण्याची सवय आहे. परंतु तो बहुधा राजांचा, संतांचा, नाही तर लढायांचा असतो. आज आम्ही जो सांगणार आहोत तो जेमतेम तीस-चाळीस वर्षांचा आहे आणि त्यात एकही तलवार नाही. संगणकावर एखादी नवी आज्ञावली बसवू जावे आणि यंत्राने ‘अमुक वस्तू येथे नाही, म्हणून मला पुढे जाता येत नाही’ असे उत्तर द्यावे, या क्षुल्लक दिसणाऱ्या अडचणीचा हा इतिहास आहे. आम्ही इंजिनिअर नव्हे. नववीत शाळा सुटली. पुढचे शिक्षण सातपूरच्या लेथवर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकांवर झाले. तेव्हा चूकभूल श्रोत्यांनी पोटात घालावी.

प्रसंग असा घडला. आमच्या युनियनच्या कचेरीत एक जुना संगणक आहे. परवान्याचे पैसे भरणे परवडत नाही म्हणून त्यावर लिनक्स आहे, उबुंटू नावाच्या संचाची २०२० सालची आवृत्ती. दुसऱ्या दिवशी कामगार न्यायालयात त्रेचाळीस कंत्राटी कामगारांच्या थकलेल्या पगाराची यादी दाखल करायची होती. मराठी टंकलेखनाच्या पॅकेजची नवी आवृत्ती निघाल्याचे ऐकून, नेमकी त्याच संध्याकाळी ती पेनड्राइव्हवरून बसवण्याची दुर्बुद्धी आम्हांला सुचली. यंत्राने सांगितले की, या पॅकेजला ‘लिबसी’ची २.३४ किंवा तीहून नवी आवृत्ती लागते, आणि येथे २.३१ आहे. आम्हांला त्यात केवळ नकार दिसला. संतापाच्या भरात आम्ही सक्तीने बसवण्याची आज्ञा दिली. यंत्राने निमूटपणे ती पाळली आणि मराठी उमटणे बंद पडले. पुढे दुसरे काही बसवू गेलो तर तेही बसेना. आधीचा घोटाळा निस्तरा, मगच पुढचे, असे त्याचे म्हणणे.

रात्री नऊ वाजता संघटनेतला एक तरुण फिटर आला. पडद्यावरचा मजकूर त्याने शांतपणे वाचला आणि म्हणाला, “भाऊ, ते नाही म्हणत नाहीये. काय पाहिजे ते सांगतंय. तुम्ही वाचलंच नाही.”

हे वाक्य आम्हांला लागले. तीस वर्षे आम्ही मागणीपत्रे लिहीत आलो आहोत. मालकाने मागणीपत्र न वाचता ते बाजूला सारले की आमचे रक्त तापते. आणि येथे यंत्राने आपले मागणीपत्र आमच्यापुढे ठेवले, तेव्हा आम्ही तेच केले होते.

हे मागणीपत्र कशासाठी असते, हे समजण्यासाठी आपल्या नाशिक रोडकडे पाहावे. १९२५ साली तेथे सिक्युरिटी प्रेस आली, १९२८ साली नोटांचा छापखाना सुरू झाला. यंत्रे येथली, कारागीर येथले; पण नोटेचा कागद पुढे कित्येक वर्षे परदेशातून येत असे. होशंगाबादची कागद गिरणी १९६८ साली सुरू झाली, तेव्हा कुठे तो देशात होऊ लागला. कागद नसेल तर उत्तम यंत्र आणि निष्णात कारागीर दोघेही हात जोडून बसणार. संगणकातील आज्ञावलीचेही असेच आहे. अक्षर पडद्यावर काढणे, फाइल उघडणे, आकडे मोजणे ही कामे प्रत्येक आज्ञावली स्वतः करीत नाही. ती कामे करणारे तुकडे वेगळे लिहून ठेवलेले असतात आणि अनेक आज्ञावल्या ते वाटून वापरतात. अशा तुकड्यांच्या संग्रहाला लायब्ररी म्हणतात. लिबसी ही त्यांतली सर्वांत पायाभूत. ही वाटणी मुळात काटकसरीतून निघाली. स्मृती आणि डिस्क महाग होत्या. एकच गोष्ट पन्नास ठिकाणी का साठवावी, असा तो व्यवहारी विचार होता.

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली : संगणकाची अशी संपूर्ण व्यवस्था तयार करायची की जी कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता यावी. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जाहीर केला. दोन्ही एकत्र आले. पण येथेच आपली अडचण जन्मली. हे सामान एका कारखान्यातून निघालेले नव्हते. जगभरच्या शेकडो माणसांनी आपापल्या सवडीने घडवलेले सुटे भाग होते ते. कोणता भाग कोणत्या भागाशी जुळतो, हे कोणी सांगायचे?

१९९३ साली दोन संच निघाले. पॅट्रिक व्होल्करडिंग यांच्या स्लॅकवेअरने ही जबाबदारी वापरणाऱ्यावर सोपवली. काय कमी आहे ते त्याने शोधावे. इयान मरडॉक यांनी सुरू केलेल्या डेबियनने दुसरा मार्ग धरला. प्रत्येक पॅकेजने आपल्याला काय लागते, कोणत्या आवृत्तीचे लागते आणि कोणाशी आपले पटत नाही, हे सोबतच्या चिठ्ठीत लिहून द्यावे, असा नियम तेथे रूढ झाला. १९९५ साली रेड हॅटने आपली आरपीएम पद्धत आणली. तीतही अशी चिठ्ठी होती.

चिठ्ठीने गरज कळली, पण ती भागली नाही. त्या काळचे लोक सांगतात की, एक पॅकेज बसवावे तर ते दुसरे मागे. दुसरे आणावे तर ते तिसरे मागे. आणि तिसरे फिरून पहिल्याचीच नवी आवृत्ती मागे. या फेऱ्याला त्यांनी ‘अवलंबनाचा नरक’ असे नाव ठेवले होते. त्यातून सुटका झाली ती डेबियनच्या ‘ॲप्ट’ या साधनाने. १९९८ साली ते चाचणीसाठी आले आणि १९९९ च्या मार्चमध्ये डेबियनच्या पक्क्या आवृत्तीत दाखल झाले. ते चिठ्ठ्या वाचते, मागण्यांची संपूर्ण साखळी आधी मांडते, आणि मग सर्व सामान एका सामायिक भांडारातून योग्य क्रमाने आणते. पुढे रेड हॅटच्या घराण्यातही ‘यम’ नावाचे असेच साधन आले.

आम्हांला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. भांडारातले भाग परस्परांशी जुळते राहावेत म्हणून माणसांना आधी परस्परांशी जुळते राहावे लागले. डेबियनने १९९७ साली आपला सामाजिक करार जाहीर केला आणि १९९८ साली लिखित घटना स्वीकारली. त्यांचा प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो. २०२३ च्या आवृत्तीत चौसष्ट हजारांहून अधिक पॅकेजे होती, आणि ती सांभाळणारे बहुसंख्य स्वयंसेवक आहेत. युनियनचे घटनापत्रक पाठ असलेल्या माणसाला हे वाचून आपल्याच घरात आल्यासारखे वाटले, तर नवल नाही.

आता आमच्या मराठी ओळीकडे येऊ. यादीतले पहिले नाव पडद्यावर उमटण्यासाठी किती हात लागतात, ते त्या रात्री प्रथमच आमच्या ध्यानात आले. अक्षरांना क्रमांक देणारे युनिकोड १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्यातली देवनागरीची मांडणी भारतात ठरलेल्या १९८८ च्या इस्की संकेतावर आधारलेली आहे. लिनक्सवर बऱ्याच ठिकाणी आढळणारी ‘लोहित’ ही अक्षरमाला रेड हॅटने खुली केली. ती घडवली पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने. ऱ्हस्व इकार व्यंजनानंतर टंकला तरी अलीकडे उमटावा, जोडाक्षरे नीट जुळावीत, हे काम ‘हार्फबझ’ ही लायब्ररी करते. ती बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या अभियंत्याने वाढवली, आणि तिच्या नावातला ‘हर्फ’ हा आपल्या बखरींना परका नाही. कळ दाबली की कोणते अक्षर यावे, हे ठरवणारी ‘एम-सतरा-एन’ लायब्ररी जपानच्या एका सरकारी संशोधन संस्थेत निर्माण झाली. सटाण्याच्या एका कंत्राटी मजुराचे नाव कागदावर यावे म्हणून पुणे, इराण आणि जपान यांनी हात लावला होता. आणि यांतला एक जरी हात सुटला तरी कागद कोरा राहिला असता.

हा गुंता नकोच म्हणून अलीकडे वेगळा उपाय निघाला आहे. २०१६ च्या सुमारास ‘स्नॅप’ आणि ‘फ्लॅटपॅक’ या पद्धती पुढे आल्या. त्यांत आज्ञावली आपल्याला लागणारे बहुतेक सामान बरोबर घेऊनच येते. सिंहस्थाला येणारा यात्रेकरू आपला शिधा बांधून आणतो, तसा हा प्रकार. अन्नछत्रावर अवलंबून राहावे लागत नाही, हे खरे. पण ओझे वाढते. आणि पिठात किडा निघाला तर अन्नछत्रात एक पोते बदलून भागते, येथे प्रत्येकाचे गाठोडे सोडून पाहावे लागते. दोन्ही पद्धतींना आपापली जागा आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर ही कथा सुखान्त झाली असती. परंतु सामायिक भांडारापुढचा खरा प्रश्न २०२४ साली उघडा पडला. ‘एक्सझेड’ नावाची, फाइली दाबून लहान करणारी एक साधी लायब्ररी आहे. असंख्य यंत्रे तिच्यावर विसंबून, आणि तिची देखभाल वर्षानुवर्षे मुख्यतः लासे कॉलिन हा एकच माणूस करी. हे विनावेतन, छंदाचे काम आहे असे त्याने लिहून कळवलेही होते. २०२२ साली काही अनोळखी नावांनी त्याच्यावर तगादा लावला की, काम सावकाश चालले आहे, दुसऱ्याच्या हाती द्या. ‘जिया टॅन’ असे नाव सांगणारा एक मदतनीस आधीपासून विश्वास संपादन करीतच होता. त्याच्या हाती अधिकार गेले. पुढे त्याने त्या लायब्ररीत चोरदरवाजा बसवला. गंमत अशी की, ज्या दूरप्रवेशाच्या आज्ञावलीवर त्याचा डोळा होता ती एक्सझेडला स्वतः मागतही नव्हती. डेबियन आणि फेडोरा यांनी तिला आणखी एका लायब्ररीशी जोडले होते, आणि त्या लायब्ररीला एक्सझेड लागत होते. आधाराच्या आधारातून चोर शिरला. प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या साध्या शंकेचा आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पिच्छा पुरवला आणि २९ मार्च २०२४ रोजी हा कट जगापुढे मांडला. पक्क्या आवृत्त्यांपर्यंत तो पोहोचण्यापूर्वीच सापडला, हे सर्वांचे भाग्य.

हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. पाळीवर एकटाच माणूस ठेवायचा, त्याला बदली द्यायची नाही, वेतन द्यायचे नाही, वर तो सावकाश का म्हणून ओरडायचे, हे आम्ही कारखान्यात पाहिले आहे. तेथे अपघात होतो तेव्हा चौकशी यंत्राची होते. पाळी कशी लावली होती, याची क्वचितच होते. पॅकेजांच्या चिठ्ठीत ‘ही लायब्ररी लागते’ असे लिहिलेले असते. ती सांभाळणारा कोण, आणि तो कसा जगतो, हे मात्र तीत कोठेच नसते. आज्ञावल्यांच्या गरजा नोंदवण्याची उत्तम रीत माणसांनी तीस वर्षांपूर्वी शोधून काढली. माणसांच्या गरजा नोंदवण्याचे काम तेथेही अपुरेच राहिले आहे.

असो. त्या रात्री आमच्या फिटरने पुढे काय केले ते सांगून संपवतो, कारण श्रोत्यांपैकी कोणावर ही वेळ येईल. त्याने यंत्राचा मजकूर आधी कागदावर उतरवून घेतला. आम्ही सक्तीने बसवलेले पॅकेज काढून टाकले. लिबसी बदलण्याचा मोह त्याने धरला नाही; साऱ्या घराचा पायाच तो, एका खिडकीसाठी कोण उकरील? आपल्या मोबाइलवरून त्याने इंटरनेट जोडून दिले, भांडाराची यादी ताजी केली, अर्धवट राहिलेले दुरुस्त करण्याची ॲप्टची आज्ञा दिली, आणि मग आमच्या २०२० च्या संचाला साजेशी तीच वस्तू मागितली. ती आपले सोबती घेऊन निमूट आली. सारे अर्ध्या तासाचे काम. रात्री एकच्या सुमारास त्रेचाळीस नावे टंकून झाली आणि सकाळी अकराला यादी न्यायालयात दाखल झाली.

यादीच्या शेवटी टंकलेखकाचे नाव घालण्याची आमच्या कचेरीची रीत आहे. त्या दिवशी आम्ही तेथे आमच्या नावाखाली त्या फिटरचेही नाव लिहिले. बाकीची नावे लिहायला कागद पुरला नसता.